साधा चौकोन रिकामा सोडू नका

हल्ली घरोघरी पुन्हा गोधड्या शिवल्या जाताहेत, ही फार चांगली गोष्ट आहे. आजीची नऊवारी, बाबांचे जुने सदरे, लेकीचे लहानपणचे फ्रॉक यांचे तुकडे जोडून चौकोन करायचे आणि मध्ये मध्ये साध्या रंगाचा अख्खा चौकोन बसवायचा, ही मांडणी त्यात सर्वांत लोकप्रिय आहे. ती सोपी आहे आणि दिसतेही छान. पण आपली सगळी हौस तुकडे निवडण्यात आणि जोडण्यात संपते. वरचं कापड, मधला थर आणि अस्तर एकत्र टाचून झालं, की त्या साध्या चौकोनांसमोर हात थांबतो. इथे काय शिवायचं? मग कोणी फुलीसारखे दोन टाके घालून पुढे जातं, कोणी चौकोन तसाच सोडून देतं. माझं कळकळीचं सांगणं आहे की साध्या चौकोनावरची नक्षी कापड कापण्याआधी ठरवा. ती शेवटी उरकायची गोष्ट नव्हे.

कारण अगदी साधं आहे. छापील कापडावर धावदोरा हरवून जातो. फुलं आणि ठिपके त्याला गिळून टाकतात. साध्या कापडावर मात्र टाका आत ओढला गेला की बाजूचं कापड किंचित फुगतं, त्याची सावली पडते आणि रेघ उठून दिसते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या लँकेस्टर भागातल्या आमिश बायकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ज्या रजया शिवल्या, त्यांत छापील कापड जवळजवळ नाहीच. गडद रंगाचे लोकरीचे मोठमोठे साधे पट्टे आणि चौकोन, आणि त्यांवर पिसांच्या माळा, पीळ, फुलं, सगळं फक्त टाक्यांनी काढलेलं. त्या रजयांची कीर्ती झाली ती रंगांइतकीच या टाक्यांमुळेही. तुमच्या हाताचं काम दिसायची जागा साधा चौकोनच आहे, तिथे अंग चोरू नका.

नक्षी निवडताना पहिला विचार आतल्या थराचा करा. आत जुन्या साड्यांचे थर असतील तर ओळी थोड्या लांब लांब चालतात, कारण साड्या जागच्या हलत नाहीत. सुटा पिंजलेला कापूस असेल तर मात्र दोन ओळींत दोन बोटांपेक्षा जास्त अंतर नको; नाहीतर दोन-चार धुण्यांत कापूस गोळा होऊन एका कोपऱ्यात बसतो. तयार शीट घेतलीत तर किती अंतरावर शिवायचं ते बहुधा तिच्या वेष्टनावर लिहिलेलं असतं, ते वाचा आणि पाळा. नक्षी कितीही सुंदर असली तरी चौकोनात वीतभर जागा मोकळी राहत असेल, तर ती त्या गोधडीसाठी नाही.

दुसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही, आणि गोधडी बिघडते ती इथेच. टाक्यांची दाटी सगळीकडे सारखी हवी. जिथे दाट शिवण असते तिथे कापड आक्रसतं. साधे चौकोन भरगच्च भरले आणि जोडलेले चौकोन नुसते कडेने शिवले, तर एक भाग बसतो आणि शेजारचा फुगतो. मग गोधडी जमिनीवर सपाट पडत नाही आणि कडा लाटांसारख्या होतात. इस्त्रीने हे दुरुस्त होत नाही. म्हणून जोडलेल्या चौकोनांत किती शिवणार ते आधी बघा आणि साध्या चौकोनात साधारण तेवढंच शिवा.

आता आकार. माझं मत स्पष्ट आहे: जोडकाम त्रिकोण-चौकोनांचं असेल तर साध्या चौकोनात गोल रेषा आणा. सरळ रेषांच्या शेजारी वर्तुळ, पाकळी किंवा कुयरी डोळ्याला विसावा देते. उलट जोडकामच फुलापानांचं असेल तर साध्या चौकोनात शंकरपाळ्यासारख्या तिरक्या चौकटी पुरेत, त्या फुलांना उठाव देतात. नक्षीसाठी कुठे शोधायला नको. चौकोनाच्या मापाचा कागद घ्या, कडेने अर्धा इंच कापून टाका, म्हणजे शिलाईच्या जाड दुमडीवर टाका येणार नाही. तो तीनदा दुमडा आणि कात्रीने एक वळण कापा. उघडलात की आठ पाकळ्यांचं फूल तयार. ताटली, वाटी आणि बांगडी एकात एक ठेवून वर्तुळं काढा. ठिपक्यांच्या रांगोळीतलं कमळ धावदोऱ्याला छान जमतं, कारण त्याची रेघ लांबवर न तुटता चालते. जितकी रेघ अखंड, तितक्या गाठी कमी, आणि गोधडी उसवते ती बहुधा गाठीपाशीच. पैठणीवरच्या मोरासारख्या बारीक आकारांच्या नादी मात्र लागू नका; जाड थरांतून ते बारकावे उमटत नाहीत. आणखी एक. स्वस्तिक, गोपद्म, लक्ष्मीची पावलं रांगोळीत शोभतात, पण गोधडीला पाय लागतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना ते खटकेल, तेव्हा ही चिन्हं टाळलेली बरी.

बाळासाठी शिवत असाल तर नक्षी आणखी साधी ठेवा आणि टाके बारीक घ्या. लांब टाक्यात बाळाची बोटं अडकतात.

वेळेचा हिशोबही आधीच मांडा. बारा इंची चौकोनांच्या पाच ओळी आणि सात रांगा धरल्या तर पस्तीस चौकोन होतात, त्यांत साधे सतरा. एका चौकोनाला दोन संध्याकाळी लागणार असतील, तर फक्त साध्या चौकोनांनाच चौतीस संध्याकाळी गेल्या. एवढा धीर असेल तर जरूर करा. नसेल तर सोपी नक्षी घ्या, पण सतराही चौकोनांवर तीच घ्या. अर्ध्या गोधडीवर पाकळ्या आणि अर्धीवर फुल्या, असं अर्धवट काम कपाटात पडून राहतं.

आखायला शिंप्याचा खडू किंवा साबणाची वाळलेली चिपटी वापरा. बॉलपेन नको. इस्त्रीच्या उष्णतेने पुसली जाणारी पेनं मिळतात, पण त्यांची रेघ कडाक्याच्या थंडीत परत उमटू शकते. दोरा पहिल्यांदा कापडाच्याच रंगाचा, किंचित गडद घ्या, म्हणजे वाकडा टाका डोळ्यात भरत नाही. हात बसला की पांढऱ्यावर लाल, निळ्यावर पिवळा, हवा तो घ्या.

आणि कात्री लावण्याआधी एवढं नक्की करा: त्याच कापडाचा, त्याच थरांचा, त्याच दोऱ्याचा एक चौकोन शिवा, गरम पाण्यात धुवा, उन्हात वाळवा आणि मग बघा. कापड किती आटलं, रंग गेला का, ओळी पुरेशा जवळ आहेत का, सगळं त्यात कळेल. पसंत पडला तरच बाकीचे कापा.