उजळ चेहरा आणि निरोगी त्वचा: या दोन गोष्टींची गल्लत थांबवा

तपासणी होते, औषधे लिहून होतात, पेशंट दारापर्यंत जातो आणि मागे वळून विचारतो, "डॉक्टर, चेहरा जरा उजळेल असं काहीतरी लिहून द्या ना." कॉलेजच्या मुली विचारतात, लग्न ठरलेले तरुण विचारतात, दहावीतल्या मुलीला घेऊन आलेली आईही विचारते. बऱ्याच जणांनी तर मला विचारण्याआधीच काहीतरी लावायला सुरुवात केलेली असते. कोणी पार्लरमधून डबी आणलेली असते, कोणी मेडिकलमधून ट्यूब, तर कोणी मैत्रिणीची अर्धी उरलेली.

माझे उत्तर अनेकांना आवडत नाही, तरी ते एकदा स्पष्ट लिहितो. रंग उजळावा म्हणून मी काहीही लिहून देणार नाही. त्वचा निरोगी आणि मऊ राहावी यासाठी फार थोड्या गोष्टी लागतात आणि त्या साध्या आहेत.

सावळा रंग हा आजार नाही

त्वचेचा रंग मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे येतो. ते तयार करणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि सावळ्या माणसात जवळपास सारखीच असते. फरक असतो तो रंगद्रव्याच्या प्रमाणात आणि ते त्वचेत कसे पसरले आहे यात. हे मेलॅनिन सूर्याच्या अतिनील किरणांपासून आपले रक्षण करते. आपल्याकडच्या उन्हात ते असणे हे भाग्य समजायला हवे. आपण मात्र त्यालाच शत्रू ठरवले आहे.

'फेअर अँड लव्हली' 1975 साली बाजारात आली. 2020 मध्ये तिच्या नावातला 'फेअर' जाऊन 'ग्लो' आला. नाव बदलले, पण लग्नाच्या जाहिरातीतले 'गोरी' आणि नातेवाइकांचे 'रंगाने थोडी डावी आहे' हे शब्द तसेच आहेत. याच शब्दांवर पुढचा सगळा बाजार उभा आहे.

ट्यूबमधले स्टेरॉइड

मेडिकलमधून गोरेपणासाठी म्हणून आणलेल्या अनेक ट्यूबमध्ये स्टेरॉइड असते. इसब, सोरायसिस अशा आजारांत हे उत्तम औषध आहे, पण ठरावीक जागी आणि ठरावीक दिवसच. चेहऱ्यावर रोज लावले की आधी रक्तवाहिन्या आकसतात, लाली आणि पुरळ दबते, चेहरा उजळ दिसतो. आठ दिवसांत शेजारीण म्हणते, "काय लावतेस गं?" आणि ट्यूब दुसऱ्या घरात पोहोचते.

पुढच्या काही महिन्यांत त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, पुरळ उठते, गालावर आणि हनुवटीवर लव वाढते. क्रीम बंद करावे तर चेहरा लालबुंद होऊन जळजळतो. म्हणून पेशंट तीच ट्यूब पुन्हा लावतो. हे दुष्टचक्र आहे.

नायट्यावर स्टेरॉइडमिश्रित मलम लावणाऱ्यांचीही हीच गत होते. खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी मात्र पसरत राहते.

2018 साली केंद्र सरकारने 14 स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा औषधांच्या यादीत घातली. तरी ती काउंटरवर सहज मिळतात. दोष एकट्या दुकानदाराचा नाही. किती दिवस लावायचे आणि कधी थांबवायचे हे न सांगता अशी क्रीम लिहून देणारे माझे व्यवसायबंधूही तितकेच जबाबदार आहेत.

तुमच्या घरातली ट्यूब आत्ता हातात घ्या. तिच्यावर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन यांपैकी नाव असेल, तर ते सौंदर्यप्रसाधन नाही, स्टेरॉइड आहे. बरेच महिने लावत असाल तर एकदम बंद करू नका. ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

बिननावाच्या डबीतला पारा

काही जण म्हणतात, "आमच्या क्रीममध्ये स्टेरॉइड नाही." असेल तसे. पण डबीवर ना उत्पादकाचा पत्ता, ना घटकांची यादी, अशा क्रीममध्ये पारा असू शकतो. पारा मेलॅनिन तयार होऊ देत नाही, म्हणून रंग उतरतो. तोच पारा त्वचेतून रक्तात आणि तिथून मूत्रपिंडात जातो. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांत पारा मुद्दाम घालण्यास बंदी आहे.

केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यात जुलै 2021 ते सप्टेंबर 2023 या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे 22 रुग्ण आढळले. त्यांतल्या 15 जणांत या विकाराचा एक दुर्मीळ प्रकार होता आणि त्या 15 पैकी 13 जण गोरेपणाची क्रीम वापरत होते. अशी क्रीम वापरणाऱ्याच्या पायावर सूज आली किंवा लघवीला फेस येऊ लागला, तर क्रीम ताबडतोब बंद करून लघवी तपासून घ्या. गोऱ्या रंगासाठी मूत्रपिंड गहाण ठेवण्याइतकी महाग गोष्ट दुसरी नाही.

रोज करायचे ते एवढेच

मोबाइलवर दहा-दहा बाटल्यांचे 'रूटीन' दाखवतात. निरोगी त्वचेला तीन गोष्टी पुरतात.

1. सौम्य स्वच्छता. चेहरा दिवसातून दोनदा साध्या पाण्याने आणि सौम्य फेसवॉशने धुवा. त्वचा किंचित आम्लधर्मी असते आणि बहुतेक अंगाचे साबण अल्कलीधर्मी. चार-पाच वेळा साबण लावला की त्वचेचे संरक्षक थर उघडे पडतात. कडकडीत पाण्याची अंघोळही तेच करते.

2. ओलावा. अंघोळीनंतर अंग टिपून घ्या आणि ते किंचित ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. हातापायांना खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली चालते. चेहऱ्यावर पुरळ येत असेल तर तिथे तेल नको. डोक्याला चोपडलेले तेल कपाळावर ओघळले तरी पुरळ येते.

3. उन्हापासून बचाव. एसपीएफ 30 किंवा त्याहून अधिक असलेले सनस्क्रीन पुरेसे आहे. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीइतके लावा. उन्हात काम असेल तर दर दोन तासांनी पुन्हा. परवडत नसेल तर छत्री, टोपी, पूर्ण बाह्या, पदर किंवा स्कार्फ यांनीही चांगला बचाव होतो. वांगाच्या डागांवर तर उन्हापासून बचाव हाच उपचाराचा पाया आहे.

याबरोबर पुरेशी झोप घ्या, तंबाखू आणि सिगारेट सोडा, साखर आणि मैदा कमी करा. तहान लागेल तेवढे पाणी प्या. चार लिटर पाणी प्यायल्याने त्वचा तुकतुकीत होते, याला आधार नाही.

आणि लिंबू, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट चेहऱ्यावर लावू नका. 'घरगुती' म्हणजे 'निरुपद्रवी' नव्हे. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्याने भाजल्यासारखे डाग पडलेले चेहरे मी पाहिले आहेत.

घासून न निघणारा काळेपणा

मान आणि काखा काळ्या पडल्या म्हणून कित्येक आया मुलांना वजरीने घासतात. मानेवरची त्वचा जाडसर, मखमलीसारखी आणि काळी झाली असेल, तर तो मळ नाही. बहुतेक वेळा शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची ती खूण असते. पुढे होऊ शकणाऱ्या मधुमेहाची ती आगाऊ सूचना आहे. तिथे क्रीम नको, वजन मोजा आणि रक्तातील साखर तपासा. वजन कमी झाले की मानही हळूहळू निवळते.

तसेच, त्वचा एकाएकी फार कोरडी झाली आणि थकवाही असेल, तर थायरॉइड तपासा. पुरळ नसताना सर्वांगाला खाज सुटत असेल, तर यकृत आणि मूत्रपिंडाची तपासणी करा. त्वचा आतल्या आजाराची बातमी बाहेर आणत असते. तिच्यावर रंग उजळवणारे क्रीम थापणे म्हणजे ती बातमी दाबून टाकणे.

त्वचेचा वरचा थर साधारण चार आठवड्यांत नवा होतो. म्हणून या सवयींना किमान दीड-दोन महिने द्या. आठ दिवसांत चेहरा बदलून दाखवणाऱ्या प्रत्येक डबीकडे संशयाने पाहा. आणि घरातल्या मुलीला, मुलाला रंगावरून कोणी बोलले, तर मुलाच्या हातात क्रीम देण्याऐवजी त्या बोलणाऱ्याला गप्प करा.