बेरीज ठीक, भांडवल धोक्यात

बँकेत कर्जप्रस्ताव तपासताना आमचे वरिष्ठ बजावत असत : ताळेबंदाच्या बेरजेवर भुलू नका, त्यातील मालाला उठाव किती, ते पाहा. न्यूझीलंडमधील तुआतारा या प्राण्याविषयी वाचताना तो उपदेश पुन्हा आठवला.

तुआतारा दिसतो सरड्यासारखा, पण तो सरडा नव्हे. डायनोसॉरच्या काळात त्याच्या गणातील अनेक जाती पृथ्वीवर नांदत होत्या. आज ही एकच उरली आहे. माणसासोबत आलेल्या उंदरांमुळे मुख्य भूमीवरून तो नाहीसा झाला आणि किनाऱ्याजवळच्या लहान बेटांवर तेवढा तगला. १८९५ मध्ये त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले.

आताचे संकट निराळे आहे. अंड्यातून नर निपजणार की मादी, हे बिळातील मातीची उष्णता ठरवते. सुमारे २१ अंश सेल्सिअसला बहुतेक माद्या जन्मतात, तर २२ अंशांच्या पुढे बहुतेक नर. अंतर अवघ्या एका अंशाचे! मादी काही वर्षांतून एकदाच अंडी घालते आणि ती फुटण्यास वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. त्यामुळे बिघडलेले प्रमाण लवकर सावरत नाही.

सुमारे चार हेक्टरांच्या नॉर्थ ब्रदर बेटावर नर माद्यांहून बरेच अधिक झाले आहेत. हा प्राणी शंभर वर्षेही जगू शकतो. म्हणून शिरगणती केली तर बेरीज ठीक दिसते, परंतु पुढची पिढी देणारे भांडवल आटत असते. नकाशावर बेट तेवढेच राहील, मात्र अंडी घालण्याजोगी थंड जमीन कमी होत जाईल. इतर प्राणी गारव्याच्या शोधात डोंगर चढतील वा दूर जातील. येथे चहूबाजूंनी समुद्र आहे.

यावर एक उपाय सुरू झाला आहे. २०१२ मध्ये दक्षिणेकडील ड्युनेडिन शहराजवळ, तुलनेने थंड प्रदेशातील ओरोकोनुई अभयारण्यात काही तुआतारा सोडण्यात आले. उंदीर आत शिरू नयेत म्हणून त्याभोवती कुंपण आहे. सारी ठेव एकाच पेढीत ठेवू नये, हा व्यवहार आपणांस ठाऊकच आहे. अशी ठिकाणे वाढवण्यास खर्च येईल. पण त्या प्राण्याची भूमी माणसामुळेच हिरावली गेली असल्याने तो दानाच्या खात्यात मांडता येणार नाही. ते जुने देणे आहे, आणि त्यावर व्याज चढत आहे.