पोकळी भरणारे काम

मध्य प्रदेशात बालाघाटजवळ भरवेली येथे 'मॉयल' या सरकारी कंपनीची भूमिगत मँगनीज खाण आहे. तिथली एक रीत आम्हा गोमंतकीयांनी समजून घ्यावी, असे मला वाटते. खनिजाचा एक थर काढला की त्या पोकळीत पाण्याबरोबर वाळू सोडतात. पाणी निथळते, वाळू घट्ट बसते आणि त्याच भरावावर उभे राहून कामगार वरचा थर काढतात. आधीची पोकळी भरल्याशिवाय पुढचे काम नाही!

आमच्या खाणी उघड्या. खनिज बार्जमधून गेले, खड्डे डिचोली-सांग्यात राहिले. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हा 'सुरू कधी होणार?' हीच अनेकांची आशा होती. खड्ड्यांचे सत्य मागेच पडले.

भरवेलीची रीतही निर्दोष नव्हे. ती वाळू शेवटी नदीचीच. पण घेतलेल्याची भरपाई हा तिथे दानधर्म नाही, कामाचाच भाग आहे. चांगले जगणे याहून वेगळे ते काय? २०२४ पासून आमच्याकडे खाणी पुन्हा सुरू होऊ लागल्या. आशा जरूर धरूया; पण पायाखाली भराव आहे ना, हे आधी पाहूया.