‘लक्ष कुठे असते तुझे?’

दक्षिणेच्या यात्रेला निघालेल्या मराठी कुटुंबाने कुंभकोणम्‌जवळच्या गोविंदपुरम्‌ला अवश्य जावे. तेथे २०११ साली विठ्ठल-रुक्मिणीचे भव्य मंदिर उभे राहिले असून, तामिळ मुलुखात पंढरीचा विठोबा भेटल्याचे समाधान मिळते. दर्शन झाल्यावर कुंभकोणम् गावात यावे. सारंगपाणी मंदिराच्या सन्निधी रस्त्यावर एक लहानसे घर जतन करून ठेवले आहे. ते गणिती श्रीनिवास रामानुजन यांचे. घरात कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर या घरातील एका कठीण काळाची हकिगत आईवडिलांनी माहीत करून घेण्यासारखी आहे.

१९०४ साली शाळेत गणिताचे बक्षीस मिळवून रामानुजन शिष्यवृत्तीवर कुंभकोणम्‌च्या सरकारी कॉलेजात दाखल झाले. गणितात बुडालेल्या या मुलाचे बाकी विषयांकडे लक्ष लागेना. इंग्रजी निबंधात नापास झाल्याने शिष्यवृत्ती गेली. १९०५ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, घरी काही न सांगता ते विशाखापट्टणम्‌कडे निघून गेले. पुढे मद्रासच्या पच्चयप्पा कॉलेजातही तीच गत झाली. पुढची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. पण त्या दिवसांत घरच्यांसमोर होता तो एक नापास मुलगा.

रामानुजन यांना अमुक एक विकार होता, असे शंभर वर्षांनंतर ठरवणे हा उथळपणा ठरेल. प्रश्न वेगळा आहे. लक्ष एका ठिकाणी ओसंडून वाहते आणि दुसऱ्या ठिकाणी थेंबभरही मिळत नाही, अशा मुलाला आपण काय म्हणतो? आळशी, बेफिकीर, किंवा ‘हुशार आहे, पण करत नाही’. हे शेवटचे वाक्य तर आपल्याकडे घरोघरी ऐकू येते.

योगायोग असा, की १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या डॉक्टरांनी लक्ष स्थिर न राहणाऱ्या मुलांविषयी व्याख्याने दिली होती. त्यांनीही हा दोष नैतिक संयमाचा मानला. ‘अटेन्शन डेफिसिट डिसऑर्डर’ हे नाव रूढ व्हायला १९८० साल उजाडावे लागले. आता त्याला ‘एडीएचडी’ म्हणतात. हा मेंदूच्या जडणघडणीतील फरक आहे. तो अनेकदा आनुवंशिक असतो, आणि चांगल्या वा वाईट संस्कारांशी त्याचा संबंध नाही, हे आज पुरेसे स्पष्ट झाले आहे.

मग तो कॉलेजात जाईपर्यंत लक्षात का येत नाही? कारण शाळेत असेपर्यंत आई असते! सकाळी उठवणारी, दप्तर भरून देणारी, उद्या कोणता पेपर आहे हे मुलापेक्षा अधिक लक्षात ठेवणारी. शिवाय क्लासचे वेळापत्रक असते. मूल होस्टेलवर गेले की हा सारा आधार एकदम सुटतो. फॉर्मची तारीख निघून जाते, प्रोजेक्ट आदल्या रात्री सुरू होतो, पुस्तक उघडे असते आणि तास निघून जातो. मुलींच्या बाबतीत तर आणखी उशीर होतो. वर्गात दंगा न करता खिडकीबाहेर पाहत बसणाऱ्या मुलीची कोण तक्रार करणार? ती आतल्या आत स्वतःलाच दोष देत राहते, आणि तिची उदासी मात्र आधी दिसते.

पण नापास होणाऱ्या प्रत्येक मुलाला हे लेबल चिकटवू नये. अपुरी झोप, चिंता, नैराश्य, थायरॉइड, नको असलेली शाखा, रात्रभर हातात असलेला मोबाइल, यांनीही लक्ष उडते. निदान मानसोपचारतज्ज्ञांनीच करायचे असते. त्यासाठी ते एक गोष्ट कटाक्षाने पाहतात: ही लक्षणे वयाच्या १२ वर्षांपूर्वीही होती का, आणि केवळ अभ्यासात नव्हे तर घरी, मित्रांतही दिसत होती का? रक्त तपासून हे कळत नाही. ते सांगू शकते घरचेच माणूस. म्हणून ‘लक्ष कुठे असते तुझे?’ यापेक्षा ‘असे केव्हापासून होते?’ हा प्रश्न अधिक उपयोगी.

उपचारांत औषधे आहेत. त्यांपैकी मिथाइलफेनिडेटवर अमली पदार्थविषयक कायद्याचे नियंत्रण आहे, त्यामुळे मित्राची गोळी ‘परीक्षेपुरती’ घेण्याचा उद्योग मुळीच करू नये. औषधाइतकीच व्यवस्थाही महत्त्वाची असते. मोठे काम अर्ध्या-अर्ध्या तासात तोडणे, तारखा डोक्यात न ठेवता भिंतीवर लिहिणे, एकट्याने न बसता अभ्यास करणाऱ्या मित्राशेजारी बसणे, हे उपाय साधे वाटले तरी कित्येकांना तारून नेतात. पालकांनी दूरवरून रोज ‘अभ्यास केलास का?’ विचारण्याऐवजी ‘आज काय संपवायचे आहे?’ एवढेच विचारावे. विषय तोच, पण ऐकणाऱ्याला यात आरोप जाणवत नाही.

कोणाकडे जावे हे सुचत नसेल, तर १४४१६ या क्रमांकावर ‘टेली-मानस’ ही सरकारी मोफत सेवा २०२२ पासून उपलब्ध आहे. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातही दाखवता येते. जाताना माळ्यावरची शाळेची जुनी प्रगतिपुस्तके काढून बरोबर न्यावीत. गुणांपेक्षा शेरे पाहावेत: ‘वह्या अपूर्ण’, ‘वस्तू हरवतो’, ‘वर्गात लक्ष नसते’. तिसरी-चौथीच्या बाईंनी घाईत लिहिलेली ती एक ओळ डॉक्टरांच्या फार कामाची असते.