गच्चीवरच्या उन्हाचा कायदा

सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत सौर पॅनलचा विषय निघाला की तो बहुधा ‘पुढच्या सभेत बघू’ या शेऱ्यावर मिटतो. विरोध करणारे वाईट हेतूने बोलतात असे नाही. स्लॅब जुना आहे, वॉटरप्रूफिंगवर आत्ताच खर्च झालाय, गच्ची सगळ्यांची आहे, आग लागली तर जबाबदार कोण, इमारतीचे रूप बिघडेल, हा सगळा पूर्वपक्ष ऐकून घेण्यासारखा आहे. मात्र त्यातून जो निष्कर्ष काढला जातो तो मला साफ अमान्य आहे. एखाद्या सभासदाने वीज तयार करावी की नाही, हे हात वर करून ठरवण्याची बाब नव्हे. सोसायटीच्या उपविधींनी आणि महापालिकेच्या विकास नियमांनी पॅनल कसे लावायचे ते जरूर सांगावे, अगदी काटेकोरपणे सांगावे. लावायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्यांच्याकडे नसावा.

सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारा आक्षेप वजनाचा, म्हणून तो आधी तपासू. सौर पॅनलचे वजन चौकटीसकट चौरस मीटरला साधारण १५ ते २० किलो भरते. माणसांची ये-जा असलेल्या गच्चीचा स्लॅब चौरस मीटरला १५० किलो भार पेलेल असा धरावा, असे भारतीय मानक ८७५ सांगते. त्याच गच्चीवर हजार लिटरची पाण्याची टाकी असते. भरल्यावर ती जेमतेम चौरस मीटरभर जागेवर एक टन भार टाकते, आणि ती बसवताना कोणी सभा बोलावलेली नसते. तेव्हा वजनाची भीती जिथे दाखवली जाते तिथे ती नाही. खरा धोका उलट्या दिशेचा आहे. त्याच मानकात वाऱ्याचा मूळ वेग मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटर आणि पुण्यासाठी ३९ मीटर दिला आहे. ४४ मीटरच्या वाऱ्याचा मूळ दाब चौरस मीटरला ११० किलोच्या पुढे जातो. पॅनलचा कल, गच्चीची उंची, कठड्याचा आडोसा यांप्रमाणे तो कमीजास्त होतो, पण १५ किलोच्या पॅनलला वर उचलायला त्यातला थोडासा भागही पुरतो. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर घरांचे पत्रे कसे उडवले, हे कोकणातल्या माणसाला सांगावे लागत नाही.

म्हणून ‘स्लॅबला झेपेल का?’ हा प्रश्न अर्धवट आहे. चौकट वाऱ्याला कशी धरून राहील, हे विचारले पाहिजे. बोल्ट मारून बसवली तर ब्रिकबॅट कोब्याला भोक पडते आणि गळतीची भीती खरी ठरते. काँक्रीटचे ठोकळे नुसते ठेवून बसवली तर कोबा शाबूत राहतो, पण ठोकळ्यांचे वजन स्लॅबवर येते, आणि तेव्हा कुठे जुन्या स्लॅबचा मुद्दा खऱ्या अर्थाने उभा राहतो. हा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरने करायचा आहे. तीस वर्षांवरच्या इमारतींची संरचनात्मक तपासणी मुंबईत कायद्यानेच सक्तीची आहे. तो अहवाल असेल तर अर्धे काम झालेले असते. इंजिनिअर सही करून ‘नाही’ म्हणाला तर विषय संपला. तळमजल्यावरच्या दहा जणांना धाकधूक वाटते म्हणून तो संपता कामा नये.

आगीच्या आक्षेपात तथ्य आहे, आणि पॅनलचे समर्थक त्यावरून घाईने पुढे जातात हे मला खटकते. घरातला मेन स्विच बंद केला तरी ऊन असेपर्यंत पॅनलकडून इन्व्हर्टरकडे जाणाऱ्या वायरींत शेकडो व्होल्टचा दाब असतो. त्यामुळे गच्चीवरच आयसोलेटर हवा, नीट अर्थिंग हवे, अग्निशमन जवानांना चालायला कडेने वाट मोकळी हवी, आणि जिन्याच्या दारावर ठळक सूचना हवी. हे नियम कडक असावेत आणि मोडणाऱ्याला दंड व्हावा.

रूप बिघडण्याचा मुद्दा मात्र मला टिकणारा वाटत नाही. कॅलिफोर्नियात १९७८ पासून सौर हक्कांचा कायदा आहे. तिथल्या घरमालक संघांना दिसण्याबद्दल अटी घालता येतात, पण अटीमुळे सौर विजेच्या संचाचा खर्च एक हजार डॉलरपेक्षा जास्त वाढत असेल किंवा उत्पादन दहा टक्क्यांहून अधिक घटत असेल, तर ती अट टिकत नाही. आवडीनिवडीला जागा ठेवलीच आहे, फक्त तिची किंमत मोजून मर्यादा आखली आहे. आपल्या आदर्श उपविधींत असे एकच कलम आले तरी निम्मे वाद जागच्या जागी मिटतील.

वारशाची गोष्ट वेगळी. पणजीच्या फोंतान्यसमधल्या कौलारू छपरांवर रस्त्याकडून काळे पॅनल चढू नयेत, असे मलाही वाटते. तिथे मागच्या उतारावर परवानगी द्या, किंवा सामायिक जागेवर संच उभारा. पण वारसा म्हणून नोंद नसलेल्या, पन्नास वर्षांपूर्वीच्या साध्या आरसीसी इमारतीने हीच ढाल पुढे करावी, हे पटत नाही. जर्मनीने २०२२ मध्ये नवीकरणीय ऊर्जेच्या उभारणीला सर्वोच्च सार्वजनिक हिताचा दर्जा कायद्याने दिला, आणि ऑक्टोबर २०२४ पासून तर बाल्कनीत प्लग लावून चालणाऱ्या छोट्या सौर संचाला इमारतीतले इतर मालक सरसकट नकार देऊ शकत नाहीत. कसा लावायचा, एवढे ते सांगू शकतात.

आता ‘गच्ची सर्वांची’ या मुद्द्याकडे येतो. हा पूर्वपक्षाचा सर्वांत भक्कम मुद्दा, आणि माझ्या मते तोच आमच्या बाजूचाही सर्वांत भक्कम मुद्दा आहे. समजा चाळीस घरांची इमारत आहे आणि चार हजार चौरस फुटांची गच्ची. टाक्या, लिफ्टची खोली आणि मोकळी वाट सोडून निम्मी जागा वापरता आली, तर किलोवॅटला शंभर चौरस फूट या हिशेबाने २० किलोवॅट बसतात. महाराष्ट्राच्या उन्हात त्यातून दिवसाला सरासरी ८० युनिट, वर्षाला २९ हजारांच्या आसपास वीज मिळते. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे त्यावर चालतील. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत स्वतःचे छत असलेल्या कुटुंबाला तीन किलोवॅटसाठी ७८ हजार रुपये अनुदान आहे, आणि गृहनिर्माण सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटला १८ हजार. म्हणजे या इमारतीला ३ लाख ६० हजार रुपये. ही गच्ची रिकामी ठेवल्याने चाळीसांपैकी कोणाच्या हक्काचे रक्षण होते?

सामायिक संच कमिटीला नको असेल, तर इच्छुक सभासदांना त्यांच्या हिश्श्याएवढी जागा मिळाली पाहिजे. वरच्या मजल्यावरच्या माणसाने सगळी गच्ची बळकावू नये, हे रास्त आहे. म्हणून हिश्श्याची अट. दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने २०१९ मध्येच आभासी नेट मीटरिंगची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यात संच एकच असतो आणि त्याची युनिटे ठरलेल्या प्रमाणात वेगवेगळ्या ग्राहकांच्या बिलांत वळती होतात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी याहून न्याय्य व्यवस्था मला दिसत नाही.

महापालिकांना वेगळी धास्ती असते. पॅनलखाली माणूस चालेल इतकी उंच चौकट उभारली तर उद्या तिला भिंती चढतील आणि खोली होईल. हे घडते, नाकारण्यात अर्थ नाही. पण भिंत चढली तर भिंत पाडावी. चारही बाजू उघड्या असलेल्या ठरावीक उंचीच्या चौकटीला चटईक्षेत्रातून आणि इमारतीच्या उंचीतून वगळावे. उंच चौकटीमुळे गच्चीवर पापड, कपडे, मुलांचे खेळ सगळे चालू राहते, हेही लक्षात घ्यावे.

विजेच्या जाळ्याचे कारण सांगणाऱ्यांनी केंद्राचे २२ फेब्रुवारी २०२४ चे ग्राहक हक्क दुरुस्ती नियम पाहावेत. १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक व्यवहार्यता तपासणी लागत नाही. तो मान्य झाला असेच धरले जाते. वीज कंपनी जिथे अडवू शकत नाही तिथे सोसायटीचा सचिव ना हरकत पत्र महिनोन्‌महिने दाबून ठेवू शकतो, ही विसंगती आहे. तिथेही तोच नियम लावा. साठ दिवसांत इंजिनिअरच्या लेखी कारणासह नकार आला नाही, तर परवानगी मिळाली असे समजावे.

हे सगळे मिळाले तरी एक गोष्ट उरते, आणि तिच्याकडे आपल्या नगररचनेने अजून पाहिलेलेच नाही. पॅनलला ऊन लागते, आणि शेजारच्या भूखंडावर पुनर्विकास चालू आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास पुण्यात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर असतो. तुमच्या गच्चीपेक्षा ३० मीटर उंच इमारत दक्षिणेला उभी राहिली, तर तिची सावली दुपारीसुद्धा उत्तरेकडे २७ मीटर पसरते. सकाळ-संध्याकाळ त्याहून कितीतरी लांब. १८८२ चा सुविधाधिकार कायदा वीस वर्षांच्या अखंड उपभोगानंतर इमारतीत येणाऱ्या प्रकाशाला संरक्षण देतो, पण तो खिडक्यांचा विचार करून लिहिलेला आहे. काल बसवलेल्या पॅनलला त्याचा काय उपयोग? जपानने १९७६ मध्ये इमारत मानक कायद्यात सावलीचे नियम घातले. निवासी भागात उंच इमारतीने हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी शेजारच्या जमिनीवर किती तास सावली टाकावी, याला तिथे मर्यादा आहे.

मुंबई-पुण्याच्या दाटीत जपानसारखी मर्यादा घाला असे मी म्हणत नाही. त्याने घरे बांधणेच थांबेल. पण बांधकाम परवानगीच्या नकाशांत २२ डिसेंबरचा सावलीचा नकाशा सक्तीचा करता येतो. त्यात शेजारच्या नोंदणीकृत सौर संचाचे उत्पादन किती घटते ते दाखवावे, आणि संचाच्या उरलेल्या आयुष्याची भरपाई चालू वीजदराने विकासकाने प्रारंभ प्रमाणपत्राआधी भरावी. वरच्या २० किलोवॅटच्या संचाचे उत्पादन एक तृतीयांशाने घटले, तर ती घट वर्षाला नऊ हजार युनिटांहून जास्त होते.