उलटी झाली म्हणजे जोर लागला?

वणीच्या शासकीय मैदानावर उजाडायच्या आत पोरं धावायला लागतात. कुणाचं लक्ष्य पोलीस भरती, कुणाचं अग्निवीर, कुणाचं वनरक्षक. एखाददुसरा नागपूरच्या हाफ मॅरेथॉनची तयारी करणारा. शेवटची फेरी संपली की त्यातला एक कुंपणापाशी जाऊन वाकतो आणि भडभडून ओकतो. सोबतचे पाठीवर थाप मारतात, ‘आज खरा जोर लावला!’ प्रशिक्षकही कधीकधी हसून मान डोलावतात.

ही थाप आता बंद व्हायला हवी. धावल्यानंतरच्या मळमळीला चार-पाच वेगवेगळी कारणं असतात आणि त्यातली दोन जिवावर बेतू शकतात. नेमकं कोणतं कारण आहे हे ओळखायचं काम ओकणाऱ्या पोराचं नाही, शिट्टी ज्याच्या हातात आहे त्याचं आहे.

पोलीस भरतीच्या १६०० मीटरचंच घ्या. पैकीच्या पैकी गुणांसाठी मुलांना ५ मिनिटं १० सेकंदांत अंतर कापावं लागतं, म्हणजे ४०० मीटरची फेरी साधारण ७७ सेकंदांना. पण गर्दीतून पुढे निघायच्या नादात पहिली फेरी ६५ सेकंदांत मारणारे कमी नसतात. पुढच्या तीन फेऱ्यांत स्नायूंतली आम्लता चढत जाते, श्वास पुरत नाही आणि रेषा ओलांडताच पोट उलटतं. इथे औषध पोटाचं नाही, घड्याळाचं आहे: फेऱ्या समान वेळेत पळायची सवय आणि आधी नीट वॉर्मअप. राज्य राखीव दलाच्या ५ किलोमीटरला, किंवा २१ किलोमीटर पळणाऱ्याला मात्र गोष्ट वेगळी होते.

जोरात धावताना रक्त पायांकडे आणि कातडीकडे वळतं. आतड्यांचा पुरवठा अगदी कमाल श्रमात ८० टक्क्यांपर्यंत घटू शकतो. जठर रिकामं व्हायचा वेग मंदावतो आणि पोटात जे आहे ते तिथेच डचमळत राहतं. आता तिथे काय असतं ते पाहू. रात्री भिजवलेले मूठभर चणे, दोन उकडलेली अंडी, वर दूध. ताकदीचा खुराक म्हणून पहाटे साडेचारला खाल्लेला. चण्याचा चोथा, अंड्यातली प्रथिनं, दुधातली साय, तिन्ही जठरात रेंगाळणारे पदार्थ. खुराक वाईट नाही, वेळ वाईट आहे. चणे-अंडी धावून झाल्यावर खावीत. आधी काही हवंच असेल तर एखादं केळं किंवा गुळाचा खडा पुरतो आणि पोटभर जेवण दोन-तीन तास आधी झालेलं असावं. भरतीच्या दिवशी हे हमखास मोडतं. भरती होते ते यवतमाळ वणीपासून शंभरएक किलोमीटर. मुलं आदल्या रात्रीच एसटीने पोचतात, मिळेल तिथे आडवी होतात आणि पहाटे स्टँडवरचे तर्री-पोहे खाऊन मैदानात उतरतात. त्या दिवशीचा डबा घरूनच बांधून द्यावा.

पिण्याचीही तीच गत. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार लिटरमागे ग्लुकोज १३.५ ग्रॅम आणि मीठ २.६ ग्रॅम. पोरं अख्खं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत रिकामं करतात, ‘कडक’ व्हावं म्हणून. दुप्पट दाट द्रावण शोषलं जायला वेळ लागतो आणि मळमळ वाढते. कोरडी ग्लुकोज पावडर तळहातावर घेऊन चाटणाऱ्यांचंही तेच होतं. शिवाय खोक्यातल्या गोड पेयांवर ‘ओआरएस’ हे नाव लावायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं किल्ला लढवला.

‘पाणी पी, पाणी पी’ हा सल्लाही सरसकट देऊ नये. बोस्टन मॅरेथॉनमध्ये २००२ साली २८ वर्षांची एक धावपटू दगावली, कारण रक्तातलं सोडियम धोकादायक उतरलं होतं. त्याच शर्यतीतल्या ४८८ जणांचं रक्त तपासलं, तर १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं. धावताना इतकं पाणी प्यायलं की वजन उलट वाढलं, अशांना आणि चार तासांहून जास्त वेळ लावणाऱ्यांना धोका अधिक होता. मळमळ, डोकेदुखी, बोटातली अंगठी घट्ट होणं ही त्याची लक्षणं. अशा धावपटूच्या तोंडाला पुन्हा पाण्याची बाटली लावणं घातकच. तहान लागेल तसं प्यावं आणि लांब सरावाच्या आधी-नंतर वजन करावं. एवढ्याने बरंच कळतं.

गुडघा दुखतो म्हणून धावण्याआधी घेतलेली वेदनाशामक गोळीही आतड्याच्या अस्तराला आणि मूत्रपिंडाला महागात पडते. ही सवय अकादम्यांमधून हद्दपार करावी. आणि रेषा ओलांडली की कुणाला बसू देऊ नये. पायांची हालचाल थांबली की रक्त खालीच साचतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, पोट ढवळतं. दहा मिनिटं चालतं ठेवावं. तरी कोसळलाच तर आडवं करून पाय वर उचलावेत.

राहिला उष्माघात, आणि विदर्भात सगळ्यात जास्त धास्ती त्याचीच. मुंबईत जून २०१४ च्या पोलीस भरतीत ५ किलोमीटरच्या दौडीनंतर उमेदवार दगावले. झारखंडमध्ये २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात उत्पादन शुल्क शिपायांच्या १० किलोमीटरच्या दौडीत दहाहून अधिक तरुण गेले. दौड सकाळी नऊनंतर घ्यायची नाही, हे तिथल्या शासनाला त्यानंतर सुचलं. वणी-चंद्रपूर पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. नव्याने येणाऱ्या मुलाला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस द्यावे लागतात. भरतीची तारीख जवळ आली म्हणून ते गाळता येत नाहीत.

ओकारीसोबत बोलणं असंबद्ध झालं, चाल लटपटली, पोरगा विनाकारण अंगावर धावून आला, तर तो उष्माघात धरूनच चालावं. घाम सुटलेला आहे म्हणून निश्चिंत होऊ नये. धावपटूच्या उष्माघातात अंग ओलंचिंब असू शकतं. काखेतला थर्मामीटरही खरं तापमान लपवतो. आधी अंग गार करायचं, मग दवाखान्यात न्यायचं. अर्ध्या तासाच्या आत तापमान उतरलं तर जीव वाचायची शक्यता खूप वाढते. यासाठी महागडा टब लागत नाही. वणीसारख्या कापसाच्या गावात ताडपत्री कुठल्याही घरी सापडते. पोराला तिच्यावर निजवायचं, पाच-सहा जणांनी कडा उचलून धरायच्या, आत पाणी आणि बर्फ ओतून हलवत राहायचं. एकाने डोकं वर धरायचं, एकाने १०८ ला फोन लावायचा. पहाटे रसवंत्या बंद असतात, तेव्हा बर्फ आदल्या संध्याकाळीच आणून थर्माकोलच्या खोक्यात ठेवलेला बरा. आणि ताडपत्री कुणी कुठून धरायची याची तालीम या महिन्यातच एखाद्या रविवारी सरावानंतर करून घ्यावी.