खिदमत एकट्या सुनेचीच का?

‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून आपण जे हसण्यावारी नेतो, तो पुष्कळदा मेंदूचा आजार असतो: डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना तो आहे.

आई-वडिलांची खिदमत फर्ज आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण ती करतं कोण? माझ्या पाहण्यातल्या बहुतेक घरांत सवाबची गोष्ट मुलगा बोलतो आणि डायपर सून बदलते. तिची मोडलेली झोप, सुटलेली नोकरी कोणी मोजत नाही. खरं तर सासू-सासऱ्यांची सेवा फिकहने सुनेवर फर्ज केलेली नाही. ज्येष्ठांच्या चरितार्थाचा २००७चा कायदाही जबाबदारी मुलगा, मुलगी, नातू आणि नातीवर टाकतो; त्या यादीत सून नाही.

शिवाय ही शुश्रूषा नुसत्या मायेने जमत नाही, शिकावी लागते. रुग्णाशी वाद घालू नये. एका वेळी एकच छोटं वाक्य बोलावं. जोहरची नमाज तिसऱ्यांदा पढायला उठलेल्या दादांवर चिडू नये. अक्कल शाबूत नसलेल्यावर इबादतीची सक्तीच नाही. घास भरवताना ताठ बसवावं, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं. अंथरुणाला खिळलेल्याची कूस ठरावीक वेळाने बदलावी, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक वाढला, तर लघवीचा संसर्गही असू शकतो. लगेच डॉक्टरांना दाखवावं. नंतर शिकलेली भाषा आधी निसटू शकते. दादी दखनीच बोलत असतील, तर मराठी बोलणाऱ्या केअरटेकर ताईंना रोजचे दखनी शब्द सांगून ठेवावेत.

तरुण मित्रांनो, यातलं एकही काम फक्त बायकांचं नाही. अब्बांना अंघोळ घालायला शिका. आठवड्यातल्या दोन रात्री तुम्ही जागा आणि भाभीला, बहिणीला झोपू द्या. घरात विसरभोळेपणा वाढलेला दिसला, तर तपासणी लांबवू नका; बी-१२ची कमतरता किंवा थायरॉइड असेल तर औषधाने फरक पडू शकतो. मार्गदर्शनासाठी ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे.

आपल्या मोहल्ल्यातल्या जमातींकडे माझी एक मागणी आहे. जमातखान्यातली एक खोली आठवड्यातून दोन दुपारी अशा वृद्धांसाठी उघडा, तिथे तरुणांच्या पाळ्या लावा. तेवढा वेळ त्यांना सांभाळणारी बाई घराबाहेर पडू शकेल.